गाडीच्या इन्शुरन्सचा प्रीमियम ठरतो कसा? मागची पॉलिसी समोर ठेवा आणि एकेक ओळ बघत चला

इन्शुरन्स संपायच्या महिनाभर आधीपासून फोन सुरू होतात. एजंटचा फोन येतो, शोरूमचा येतो, कंपनीच्या कॉल सेंटरचा येतो, आणि तीन जण तीन आकडे सांगतात. एक म्हणतो पंधरा हजार, दुसरा बारा, तिसरा म्हणतो साडेनऊमध्ये करून देतो साहेब. मग आपण काय करतो, साडेनऊवाल्याला गूगल पे करून मोकळं होतो. कोल्हापुरात माझ्या ओळखीतले निम्म्याहून जास्त लोक असंच करतात आणि मला ते खरंच बघवत नाही, कारण साडेनऊ आणि बाराच्या मधले अडीच हजार नेमके कुठनं कमी झाले हे कुणीच विचारत नाही. ते कळतं क्लेमच्या वेळी, आणि तेव्हा काही करता येत नाही.

प्रीमियम म्हणजे कंपनीनं हवेतनं काढलेला आकडा नाही. त्याचे चार-पाच तुकडे असतात, त्यातला एक सरकारनं ठरवलेला असतो, एक गाडीच्या किमतीवरनं येतो, एक तुमच्या मागच्या क्लेमवरनं, आणि एक कंपनीच्या मर्जीचा असतो. कुठल्या तुकड्यावर घासाघीस करायची आणि कुठल्याला हात लावायचा नाही एवढं समजलं तरी पुरे. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

सुरुवातीला मागच्या वर्षीची पॉलिसी आणि आरसी काढून समोर ठेवा. पॉलिसीची पीडीएफ नुसती मोबाईलमध्ये पडून असते, ती उघडा. पहिल्या-दुसऱ्या पानावर प्रीमियमचा तक्ता असतो, डाव्या बाजूला ओन डॅमेज (आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान) आणि उजव्या बाजूला लायबिलिटी किंवा थर्ड पार्टी, बहुतेक कंपन्यांचा साचा असाच आहे. आता ओळीनं बघत जाऊया.

पायरी १: थर्ड पार्टीचा आकडा वेगळा काढा

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याला काही झालं तर त्याची भरपाई. दुसऱ्याचा जीव गेला, इजा झाली, त्याच्या गाडीचं किंवा भिंतीचं नुकसान झालं तर ते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा सक्तीचा आहे, नसला तर पहिल्यांदा दोन हजार आणि पुन्हा सापडला तर चार हजार दंड आहे, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पण दंडाचं सोडा हो, अपघातात कुणी गेलं आणि इन्शुरन्स नसला तर कोर्ट जी भरपाई ठरवेल ती तुमच्या घरादारातनं जाते. ती लाखांत असते. जीवितहानी आणि इजेच्या बाबतीत थर्ड पार्टी कव्हरला वरची मर्यादा नाही, म्हणून तो आधी.

याचा दर कंपनी ठरवत नाही. रस्ते वाहतूक मंत्रालय इर्डाशी, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेशी, सल्लामसलत करून काढतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच. १ जून २०२२ पासूनच्या अधिसूचनेत खासगी कारचे वर्षाचे दर असे आहेत: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० च्या वर ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये, आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये. इलेक्ट्रिक गाडीला सीसी नसतं म्हणून तिथं किलोवॉटवर बघतात, ३० किलोवॉटपर्यंत १,७८०, ३० ते ६५ ला २,९०४ आणि त्याच्या वर ६,७१२. हायब्रिडला साडेसात टक्के सूट आहे.

म्हणजे इंजिनच्या आकाराचा फरक किती पडतो बघा. वॅगनआर ९९८ सीसीची घेतली तर पहिल्या स्लॅबमध्ये, ११९७ सीसीची घेतली तर दुसऱ्या, दरवर्षी तेराशे रुपयांचा फरक, गाडी तीच दिसते. आणि इनोव्हा क्रिस्टासारखी मोठी गाडी असली की सरळ ७,८९७.

तर कुणी एजंट म्हणाला की "आमच्याकडं थर्ड पार्टी स्वस्तात बसते" तर तिथंच सावध व्हा. हा दर कुणालाच कमी करता येत नाही. दर कमी सांगतोय म्हणजे एक तर सीसी चुकीचं टाकलंय नाहीतर पॉलिसीच बनावट आहे. आरसीवरचं सीसी आणि पॉलिसीवरचं सीसी जुळतंय का एवढं बघा.

इथंच एक गोष्ट सांगतो जी दर दुसऱ्या माणसाला चकवते. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळं १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कार घेताना थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते. ओन डॅमेज मात्र एक वर्षाचा. त्यामुळं पहिल्या आणि दुसऱ्या रिन्युअलला तुम्ही फक्त ओन डॅमेज भरत असता, आकडा कमी येतो, माणूस खूश. तिसऱ्या रिन्युअलला थर्ड पार्टी पण संपलेली असते, ती पुन्हा जोडली जाते आणि प्रीमियम एकदम तीन-चार हजारांनी उडी मारतो. लोक म्हणतात कंपनीनं लुटलं. कंपनीनं काही केलेलं नाही, तीन वर्षांपूर्वी तुम्हीच ते पैसे एकदम भरले होते, ते संपले. पॉलिसीवर ओडी (ओन डॅमेज) आणि टीपी (थर्ड पार्टी) दोन्हीच्या संपायच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या बघून ठेवा.

पायरी २: आयडीव्ही बघा, खरी गंमत इथं आहे

आपण ज्याला बोलताना फर्स्ट पार्टी किंवा फुल इन्शुरन्स म्हणतो त्यात थर्ड पार्टीच्या जोडीला ओन डॅमेज असतो, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. अपघात, चोरी, आग, पूर, झाड पडणं, दंगल हे सगळं यात. आणि ओन डॅमेजचा सगळा हिशोब आयडीव्हीवर चालतो.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो आकडा. तो काढायची पद्धत ठरलेली आहे: तुमच्या मॉडेलची कंपनीची चालू विक्री किंमत घ्यायची, रोड टॅक्स आणि पासिंगचा खर्च त्यात धरायचा नाही, आणि गाडीच्या वयाप्रमाणं घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांच्या पुढं तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायचं, म्हणजे बाजारात ती गाडी कितीला जाते ते बघून.

आता खरा खेळ. प्रत्येक कंपनी आयडीव्ही थोडा खालीवर करायला देते. एजंटला कोटेशन स्वस्त दाखवायचं असलं की तो सगळ्यात आधी आयडीव्ही खाली ओढतो, कारण तुमची नजर तिथं जात नाही. वाचतात किती ते पुढं हिशोबात दाखवतो, आकडा बघून राग येईल.

आणि आयडीव्ही फक्त चोरीपुरता नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही मुद्दाम कमी ठेवला तर जी गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे ती पण टोटल लॉसमध्ये जाते आणि हातात पडतो तो कमी आकडा. उलट उगाच फुगवून पण फायदा नाही, जुन्या गाडीचा आयडीव्ही बाजारभावापेक्षा खूप वर नेला तर क्लेमच्या वेळी वाद होतो आणि प्रीमियम मात्र जास्त भरलेला असतो. घसाऱ्याच्या तक्त्याप्रमाणं जो येतो त्याच्या आसपास राहा.

पायरी ३: ओन डॅमेजचा दर आणि त्यावरचा डिस्काउंट

आयडीव्हीवर एक टक्केवारी लागते. ती तीन गोष्टींवर: गाडीचं सीसी, गाडीचं वय आणि पासिंग कुठलं. पासिंगसाठी देशाचे दोन झोन केलेत. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि अहमदाबाद ही आठ शहरं झोन ए, बाकी सगळं झोन बी. आपलं एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर, झोन बी मध्ये. जुन्या मोटार टॅरिफप्रमाणं पाच वर्षांपर्यंतच्या १००० ते १५०० सीसी गाडीला झोन बी मध्ये ३.१९१ टक्के आणि झोन ए मध्ये ३.२८३ टक्के. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला झोन बी मध्ये ३.३५१.

पोरगं पुण्यात नोकरीला आहे, गाडी एमएच १२ ची घेऊ का एमएच ०९ ची, इन्शुरन्समध्ये फरक पडेल का, असं लई जण विचारतात. पडतो, पण पाच लाखाच्या गाडीला डिस्काउंट धरून दोनेकशे रुपये. तेवढ्यासाठी पासिंगचा निर्णय फिरवू नका.

१ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर मोकळे झाले, म्हणजे कंपनी स्वतःचा भाव लावू शकते. कोटेशनमध्ये हे बहुतेक वेळा जुन्या टॅरिफच्या दरावर "डिस्काउंट" म्हणून दिसतं. कुणी ४० टक्के देतं, कुणी ६०, कुणी ७५ सुद्धा. हा डिस्काउंट कशावर ठरतो तर त्या मॉडेलचे क्लेम किती येतात, स्पेअर पार्ट महाग आहेत का, डिझेल आहे का पेट्रोल, त्या आरटीओच्या गाड्यांचा आधीचा अनुभव काय, तुमचा क्लेम झालाय का, आणि त्या कंपनीला त्या महिन्यात धंदा किती हवाय यावर. शेवटचं तुमच्या हातात नाही पण त्याचा फायदा तुम्ही घेऊ शकता. घासाघीस करायची तर इथं करायची. आयडीव्ही आणि कव्हर आहे तसं ठेवून "डिस्काउंट किती वाढवून देता" एवढंच विचारायचं.

चालवणारा माणूस कोण, त्याचं वय काय, यावर आपल्याकडं कारचा प्रीमियम मुख्यतः ठरत नाही. हिशोब गाडीचा असतो. गाडीच्या रंगावर पण काही नसतं.

पायरी ४: एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याचं बक्षीस

नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम नाही तर पुढच्या ओन डॅमेजवर २० टक्के, दोन वर्षांना २५, तीनला ३५, चारला ४५ आणि पाच वर्षांना ५०. त्याच्या पुढं ५० वरच थांबतं. हे फक्त ओन डॅमेजवर मिळतं, थर्ड पार्टीवर नाही. एक क्लेम केला की पुढच्या रिन्युअलला शून्य.

याच्याबद्दल तीन गोष्टी नीट ध्यानात घ्या.

एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवीन घेताना जुन्या कंपनीकडनं एनसीबीचं पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं, आणि नवीन गाडीच्या पहिल्याच ओन डॅमेजवर ५० टक्क्यांपर्यंत कमी होतं. नवीन गाडीचा आयडीव्ही मोठा असल्यामुळं ही रक्कम दहा-बारा हजारांपर्यंत पण जाऊ शकते. शोरूममध्ये नवीन गाडीच्या आनंदात हे कुणी आठवण करून देत नाही आणि आपण पण पेढे वाटत बसतो. तसंच उलट, सेकंडहँड गाडी घेतली तर आधीच्या मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही. पॉलिसी १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्यायची, त्यात एनसीबीचा फरक भरावा लागतो, तो भरा. थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडं येते पण ओन डॅमेज येत नाही. गाडी तुमच्या नावावर आणि पॉलिसी आधीच्या मालकाच्या नावावर, असं असताना ठोकली तर स्वतःच्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. सेकंडहँड बाजारात हा घोळ कायम चालतो.

दुसरं, पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू नाही केली तर जमवलेला सगळा एनसीबी जातो. आणि मधले दिवस कव्हर नसतंच, शिवाय पुन्हा सुरू करताना गाडीचं इन्स्पेक्शन.

तिसरं, खोटा एनसीबी घेऊ नका. मागच्या वर्षी क्लेम केलाय आणि एजंट म्हणतो "टाकून देऊ ३५ टक्के, कोण बघतंय", तर त्याला तिथंच थांबवा. नवीन कंपनी जुन्या कंपनीकडं विचारणा करते, आणि क्लेमच्या वेळी हे सापडलं की ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. दीड-दोन हजारांसाठी लाखाचा क्लेम घालवण्यासारखं आहे ते.

मग प्रश्न येतो, छोटा क्लेम करायचा का? महाद्वार रोडला कुणीतरी बंपर घासला, चार हजारांचं डेंटिंग पेंटिंग आहे, काय करू? याचा हिशोब असा करा. समजा यंदा तुमचा एनसीबी ३५ आहे. क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी ४५, मग ५०, ५०, ५०, ५०. क्लेम केला तर पुढच्या वर्षी ०, मग २०, २५, ३५, ४५. दोन्हीतला फरक वर्षावार ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के. बेरीज १२० टक्के. म्हणजे एनसीबीच्या आधीचा तुमचा ओन डॅमेज पाच हजार असेल तर एका क्लेमची किंमत पाच वर्षांत मिळून जवळपास सहा हजार. त्यात जीएसटी वर, आयडीव्ही दरवर्षी उतरतो म्हणून थोडं कमी, साधारण तेवढंच. शिवाय प्रत्येक क्लेमला १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये आणि त्याच्या वरच्या गाडीला दोन हजार तुम्ही स्वतः भरायचेच असतात. तर अशा गाडीला सहा-सात हजारांच्या खालचं काम उद्यमनगरात ओळखीच्या गॅरेजवाल्याकडनं करून घ्या आणि एनसीबी वाचवा. चाळीस हजारांचं काम असेल तर बिनधास्त क्लेम करा, इन्शुरन्स त्याच्यासाठीच आहे. आणि आपल्या धक्क्यानं दुसऱ्याला लागलं असेल तर हा हिशोब लावत बसू नका, आधी त्याला दवाखान्यात न्या, पोलिसांना आणि कंपनीला लगेच कळवा.

पायरी ५: ॲड-ऑन. आणि कोल्हापूरवाल्यांनी इथं थांबून वाचा

ॲड-ऑन म्हणजे जादा पैसे भरून पॉलिसीला जोडायचं कव्हर. साध्या फुल इन्शुरन्समध्ये पार्ट बदलला तर पूर्ण पैसे मिळत नाहीत, पार्टवर पण घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांना ५० टक्के, फायबरला ३०, काचेला काही नाही, आणि पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणं. आजकालच्या गाडीचा पुढचा सगळा भाग प्लास्टिकचा. बंपर, ग्रिल, आरशाचं कव्हर. म्हणजे समोरनं ठोकली की निम्मं बिल तुमच्या खिशातनं. झिरो डेप घेतला तर हा घसारा कापत नाहीत. बऱ्याच कंपन्या तो पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला सहज देतात, पुढं काहीच देतात, आणि वर्षात किती क्लेमला चालेल यावर मर्यादा असते ती विचारा. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झिरो डेप घ्याच असं माझं स्पष्ट मत आहे. उसाच्या सीझनमध्ये रात्री मागं लाइट नसलेल्या ट्रॉल्या ज्या रस्त्यावर असतात त्या रस्त्यानं आपण जातो.

आता इंजिन प्रोटेक्ट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३, हे आपल्याकडं लहान पोराला पण पाठ आहे. व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, नागाळा पार्क, रमणमळा, बापट कॅम्प, कुठं कुठं पाणी आलं ते सांगायला नको. हायवे शिरोलीजवळ बंद. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या गाड्या बुडाल्या.

फक्त थर्ड पार्टी असेल तर पुरात एक पैसा मिळत नाही. फुल इन्शुरन्स असेल तर पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं, सीट, वायरिंग, साफसफाई. पण इंजिनचं वेगळं आहे. पाण्यात उभी असलेली किंवा पाणी शिरलेली गाडी स्टार्टर मारून चालू केली, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी म्हणते की हे पुरानं नाही झालं, तुम्ही चालू केलीत म्हणून झालं, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. इंजिनचं काम म्हणजे लाखाच्या घरात. इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन बरोबर याच्यासाठी आहे. छोट्या गाडीला काही शेकड्यांत बसतं. नदीकाठच्या, ओढ्याकाठच्या, जयंती नाल्याच्या आसपासच्या आणि शिरोळ, करवीरच्या पूरपट्ट्यातल्या माणसानं हे सोडू नये. तुमचं घर उंचावर असलं तरी ऑफिस कुठं आहे, गाडी दिवसभर कुठं उभी असते ते बघा.

आणि ॲड-ऑन असलं तरी पाण्यातली गाडी चालू करायची नाही. बॅटरी काढायची, फोटो काढायचे, कंपनीला फोन करायचा, टो करूनच न्यायची. चालू पॉलिसीत मधेच ॲड-ऑन टाकायला कंपन्या सहसा देत नाहीत, रिन्युअललाच घ्यावं लागतं, म्हणून जुलैत पाणी चढायला लागल्यावर एजंटला फोन करून उपयोग नाही.

बाकीचे ॲड-ऑन पटकन सांगतो. रिटर्न टू इन्व्हॉइस म्हणजे टोटल लॉसला आयडीव्ही न देता खरेदीची पूर्ण किंमत, नवीन आणि कर्जावरच्या गाडीला पहिली तीन वर्षं चांगलं. कन्झ्युमेबल म्हणजे ऑइल, कूलंट, नट-बोल्ट, स्वस्त असतं, घेतलं तरी चालेल. एनसीबी प्रोटेक्ट म्हणजे क्लेम केला तरी बोनस टिकवणारं, चार-पाच वर्षांचा बोनस जमवलेल्यानं विचार करावा. रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे वाटेत गाडी बंद पडली तर मदत, गाडी बनवणाऱ्या कंपनीकडनं आधीच असेल तर दुसऱ्यांदा पैसे घालू नका. किल्ली हरवल्याचं, सामान चोरीचं, टायरचं, हे मला बहुतेकांना नकोच वाटतं.

गाडी वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर फिरत असेल, म्हणजे रविवारी जोतिबा नाहीतर वाडीला आणि बाकी दिवस कव्हर टाकून, तर "जेवढी चालवाल तेवढं भरा" पद्धतीचं कव्हर विचारा. इर्डानं २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली. ठरवलेले किलोमीटर ओलांडले तर काय होतं ते मात्र आधी वाचा.

पायरी ६: बारीकसारीक ओळी

मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात कव्हर सक्तीचा आहे, काही शे रुपये लागतात. पण तुमच्याकडं आधीच १५ लाख किंवा जास्तीची वेगळी अपघात पॉलिसी असेल तर तसं लिहून देऊन हा वगळता येतो. गाडी फर्मच्या नावावर असेल तर लागत नाही. बरोबर बसणाऱ्यांचा अपघात कव्हर वेगळा आणि ऐच्छिक, माणशी लाखाला पन्नास रुपये पडतात, पाच सीटला अडीचशे. मी हा घ्यायला सांगतो.

व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणजे क्लेममधली इतकी रक्कम मी स्वतः भरीन असं आधीच कबूल करणं. जुन्या टॅरिफमध्ये अडीच हजार कबूल केले तर ओन डॅमेजवर २० टक्के पण जास्तीत जास्त ७५० रुपये, पंधरा हजार कबूल केले तर ३५ टक्के पण जास्तीत जास्त अडीच हजार सूट. पंधरा हजार डोक्यावर घेऊन अडीच हजार वाचवणं माझ्या हिशोबात बसत नाही. आणि ही ओळ कोटेशनमध्ये न विचारता टाकलेली पण असते, बघा.

बाहेरनं सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर चढवा आणि पॉलिसीत लिहा. किटच्या किमतीच्या ४ टक्के ओन डॅमेजला आणि साठ रुपये थर्ड पार्टीला, एवढंच वाढतं. न सांगता चालवली तर क्लेमला भांडण. महागडी म्युझिक सिस्टिम वगैरे पण तसंच, लिहिली नाही तर मिळणार नाही. एआरएआय (गाड्यांची तपासणी करणारी संस्था) मान्यतेचं चोरीविरोधी यंत्र असेल तर अडीच टक्के, जास्तीत जास्त पाचशे रुपये सूट आहे.

आणि एक महत्त्वाचं. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्यानं देऊ नका. सुट्टीत अंबाबाई दर्शन, नरसोबावाडी, पन्हाळा असं पाहुण्यांना फिरवायला खासगी गाड्या पैसे घेऊन सर्रास जातात. खासगी गाडीचा प्रीमियम खासगी वापराचा धरलेला असतो. भाड्यावर असताना अपघात झाला आणि ते सिद्ध झालं तर ओन डॅमेज तर जातोच, थर्ड पार्टीची भरपाई सुद्धा कंपनी नंतर तुमच्याकडनं वसूल करायला येऊ शकते. धंदा करायचा तर पिवळी प्लेट करून त्याची पॉलिसी घ्या.

पायरी ७: पूर्ण हिशोब

एक गाडी धरू. ११९७ सीसी पेट्रोल, एमएच ०९, तीन वर्षं झाली, एकही क्लेम नाही, चालू किंमत ८ लाख.

आयडीव्ही ४० टक्के घसारा जाऊन ४,८०,०००. त्याला ३.१९१ टक्के म्हणजे १५,३१७. कंपनीचा डिस्काउंट ६० टक्के धरला, राहिले ६,१२७. एनसीबी ३५ टक्के म्हणजे २,१४५ गेले, राहिले ३,९८२. झिरो डेप १,९०० आणि इंजिन प्रोटेक्ट ७०० धरू, हे आकडे कंपनीप्रमाणं बदलतात. थर्ड पार्टी ३,४१६. मालकाचा अपघात कव्हर ३५० धरला. एकूण १०,३४८. त्यावर १८ टक्के जीएसटी १,८६३. भरायचे १२,२११. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, त्यामुळं गाडीचा पण गेला असं कुणी कुणी सांगतं, तसं नाही, खासगी कारच्या पॉलिसीला १८ टक्के आहे.

आता हाच हिशोब आयडीव्ही ४ लाख करून बघा. १२,७६४, डिस्काउंट जाऊन ५,१०६, एनसीबी जाऊन ३,३१९. फरक पडला ६६३ रुपयांचा, जीएसटी धरून ७८३. म्हणजे चोरी किंवा टोटल लॉसला ऐंशी हजार कमी मिळणार, त्या बदल्यात वर्षाला आठशे रुपयेसुद्धा वाचले नाहीत.

आणि आयडीव्ही ४,८०,००० च ठेवून डिस्काउंट ६० चा ७० करून मागितला तर? ओन डॅमेज २,९८७ वर येतो, जीएसटी धरून पावणेबाराशे वाचतात, आणि कव्हर जिथल्या तिथं. म्हणून म्हणतो, घासाघीस डिस्काउंटवर.

पायरी ८: तीन कोटेशन एकाच मापानं मोजा

पॉलिसी संपायच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करा. तिघांनाही एकच मेसेज पाठवा: आयडीव्ही इतका, एनसीबी इतका, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट पाहिजे, व्हॉलंटरी डिडक्टिबल शून्य, फोड करून लेखी पाठवा. जो फोड द्यायला टाळाटाळ करतो त्याला सोडा. नवीन गाडी असेल तर शोरूमचं पण कोटेशन घ्या पण इन्शुरन्स तिथूनच घ्यायला पाहिजे अशी कायद्यात सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन दाखवलं की तिथला आकडा पण बहुतेक वेळा खाली येतो. आकडे जवळ जवळ आले की मग बघायचं, तुमच्या भागातल्या कुठल्या गॅरेजला त्या कंपनीचं कॅशलेस चालतं. शंभर-दोनशे रुपये स्वस्त पण कॅशलेस गॅरेज सांगलीला, असली पॉलिसी नको.

पैसे भरताना कंपनीच्या लिंकवर भरा, कुणाच्या वैयक्तिक खात्यावर नको. पीडीएफ आली की त्याच दिवशी चेसिस नंबर, इंजिन नंबर, सीसी, फ्युएल, मालकाचं नाव आरसीशी जुळवा, बँकेचा बोजा उतरला असेल तर पॉलिसीवरनं पण उतरवा, आयडीव्ही आणि एनसीबी कोटेशनमधलाच आहे का बघा, आणि ॲड-ऑनची नावं पॉलिसीवर छापून आली आहेत का ते तपासा. एजंटनं तोंडी "आहे आहे" म्हटलेलं चालत नाही. काही चुकलं असेल तर लगेच मेल करून एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी दुरुस्ती, मागा, आणि दुरुस्त झालेली प्रत हातात आल्याशिवाय विषय सोडू नका.